कॅम्परमधलं पाणी : पंप मोठा हवा की नळी? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं पाण्याबद्दल आहेत. ट्रॅव्हलर, विंगर किंवा ईको घेऊन घरच्या घरी कॅम्पर (आत राहता येईल अशी गाडी) बांधणारे वाचक बिछाना, ओटा, सोलर हे सगळं नीट जमवतात आणि शेवटी नळाला धार येत नाही म्हणून अडतात. म्हणून या वेळची सगळी जागा पंप, नळ्या आणि दाब यांना दिली आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न, पुणे : ट्रॅव्हलरमध्ये ९० लिटरची टाकी आहे. १२ व्होल्टचा डायफ्राम (रबरी पडद्याने पाणी ढकलणारा) पंप बसवला. खोक्यावर '१७ लिटर प्रति मिनिट, ४० पीएसआय' (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) असं लिहिलंय, पण सिंकच्या नळाला मिनिटाला जेमतेम ४ लिटर येतं. पंप मागे आणि सिंक दाराजवळ आहे, मधे १० मिमीची निळी पीयू (लवचीक प्लॅस्टिकची) नळी, साधारण ७ मीटर. दुकानदार म्हणतो २० लिटरवाला पंप घ्या. घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. पैसे जातील आणि धार तेवढीच राहील.

खोक्यावरचे दोन आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. १७ लिटर हा मोकळ्या तोंडाचा प्रवाह, म्हणजे पंपाला पुढे काहीच जोडलेलं नसताना येणारा. ४० पीएसआय हा पंप बंद होण्याचा दाब, म्हणजे त्या क्षणी प्रवाह शून्य. प्रत्यक्षात पंप या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चालतो आणि पुढचा अडथळा जितका जास्त तितका तो शून्याकडे सरकतो. चांगले उत्पादक दाबानुसार प्रवाह किती आणि अँपिअर किती याचा तक्ता देतात. पंप घेताना तो तक्ता मागा आणि २० पीएसआयच्या ओळीत काय लिहिलंय ते बघा. तुलना त्या आकड्यांची करायची.

आता तुमची नळी. पीयू नळीचं १० मिमी हे बाहेरचं माप आहे, आतलं भोक साधारण साडेसहा मिमी असतं. इतक्या भोकातून मिनिटाला ५ लिटर पाणी ७ मीटर न्यायचं तर घर्षणातच जवळपास १० मीटर उंचीचा दाब जातो, म्हणजे १४ पीएसआय. ८ लिटर न्यायचे तर २४ मीटर, म्हणजे ३४ पीएसआय. पंपाकडे सगळे मिळून आहेत ४०. त्याच ७ मीटरना अर्ध्या इंची सीपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकची नळी) टाकली, जिचं आतलं भोक साडेबारा मिमीच्या आसपास असतं, तर ८ लिटरना जेमतेम १ मीटर उंचीचा दाब लागतो. आतला व्यास निम्मा झाला की घर्षण सुमारे तीसपट होतं. म्हणून नळीत दोन-तीन मिमीचा फरक पंपाच्या दहा लिटरच्या फरकापेक्षा भारी पडतो.

पण ४ लिटरपर्यंत उतरायला नळी एकटी कारण नाही. बाकीचा दाब बहुधा या तीन जागी जातोय. नळाखाली लावलेला जाळीदार कनेक्शन पाइप बाहेरून जाडजूड दिसतो, पण त्याच्या टोकाच्या पितळी निपलचं भोक बहुतेक वेळा ६ मिमीच्या आसपास असतं. पुश-फिट (नळी नुसती दाबून बसवायच्या) जोडांची भोकंही नळीइतकीच लहान असतात आणि प्रत्येक एल्बो (काटकोनी जोड) थोडा थोडा दाब खातो. तिसरी जागा नळाच्या तोंडाची, पाणी फेसाळ करणारी जाळी. टाकी बसवताना उडालेला प्लॅस्टिकचा कीस तिच्यातच जाऊन बसतो.

कुठे किती जातंय हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. एक लिटरचं मापटं आणि मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. ६० भागिले लिटरला लागलेले सेकंद, हा झाला प्रवाह. १२ सेकंदांत लिटर भरला तर ५ लिटर प्रति मिनिट.

पहिलं माप पंपाच्या तोंडाशी घ्या, पुढची नळी काढून. इथेच प्रवाह कमी असेल तर दोष खेचण्याच्या बाजूला किंवा तारेत आहे. अशा वेळी पंपाशेजारी बादली ठेवा, हातभर आखूड नळीने त्यातून खेचून बघा. प्रवाह वाढला तर टाकीपासून पंपापर्यंतची नळी, चाळणी किंवा टाकीचा जोड बारीक आहे. दुसरं माप कनेक्शन पाइप जिथे लागतो तिथे, पाइप काढून. तिसरं नळाची जाळी काढून, चौथं जाळी लावून. ज्या दोन मापांमध्ये आकडा धाडकन पडतो तिथे तुमचे पैसे खर्च करायचे.

तुमच्या बाबतीत आमचा सल्ला असा. पंप तोच ठेवा. मुख्य नळी अर्ध्या इंची करा, फक्त शेवटचा फूटभर लवचीक पाइप राहू द्या आणि तो मोठ्या भोकाचा निवडा. शिवाय हेही ध्यानात घ्या की सिंकला मिनिटाला ३-४ लिटर पुरेसे आहेत. शॉवरला ५-६ लागतात. खरोखरच १७ लिटर येऊ लागले तर तुमची ९० लिटरची टाकी सव्वापाच मिनिटांत रिकामी होईल. शॉवर बसवणार नसाल तर जाळी साफ करा, कनेक्शन पाइप बदला आणि तिथेच थांबा.

प्रश्न, ठाणे : नळ पूर्ण उघडला तर ठीक. थोडा उघडला की पंप टक-टक-टक करत सेकंदासेकंदाला चालू-बंद होतो. रात्री भांडं विसळायचं म्हटलं तरी सगळे जागे होतात.

उत्तर : थोड्या उघडलेल्या नळातून मिनिटाला लिटरभर पाणी जातं आणि पंप त्याच्या कितीतरी पट ढकलतो. नळीत पाण्याला दबायला जागा नाही, त्यामुळे दाब क्षणात ४० ला पोचतो, पंपातला दाबावर चालणारा स्विच तुटतो, क्षणात २५ ला उतरतो, स्विच पुन्हा लागतो. आवाज तर होतोच, पण खरं नुकसान स्विचच्या संपर्कबिंदूंचं आहे. प्रत्येक तुटण्याला ठिणगी पडते आणि काही महिन्यांत ते जळून चिकटतात. मग पंप बंदच होत नाही.

उपाय म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर : एक छोटी दाबटाकी, आत रबरी पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. पंपाच्या लगेच पुढे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून जोडायची. तिचा फायदा पूर्णपणे हवेच्या दाबावर अवलंबून असतो आणि नेमकं तेच बहुतेक जण तपासत नाहीत. पंप ज्या दाबाला चालू होतो त्याच्या २-३ पीएसआय खाली हवा भरायची. तुमचा पंप २५ ला लागतो आणि ४० ला सुटतो असं धरलं तर हवा २२-२३ पीएसआय. तेवढी असली तर एक लिटरची दाबटाकी दोन चालू होण्यांच्या मधे साधारण पाव लिटर पाणी देते, म्हणजे बारीक धारेला पंधरा सेकंद शांतता. हवा भरलीच नाही तर तीच टाकी १०० मिलीच्या आसपास देते. हवा ४० च्या वर भरली तर काहीच देत नाही, कारण पाणी आत शिरूच शकत नाही. हवा मोजताना पंप बंद आणि नळ उघडा हवा, नाहीतर मीटर पाण्याचा दाब दाखवेल.

बाजारात एक स्वस्त पर्याय सहज मिळतो : घरगुती आरओच्या मोठ्या यंत्रांबरोबर येणारी पोलादी दाबटाकी. तिच्यात दुकानातून ५-७ पीएसआय हवा भरलेली असते, खालच्या व्हॉल्व्हला सायकलचा पंप लागतो, तिथून ती २२ पर्यंत वाढवायची. तोंड पाव इंची असतं, पण टी वरून फाट्यावर बसत असल्याने मुख्य प्रवाहाला आडवं येत नाही. लेबलवरचा कमाल दाब पंपाच्या बंद होण्याच्या दाबापेक्षा बराच वर आहे याची खात्री करा आणि टाकी पट्ट्यांनी घट्ट बांधा. पाण्याने भरलेली टाकी घाटातल्या वळणांवर सुटली तर भिंत फोडते.

काही पंपांच्या आतच बायपास असतो. दाब वाढला की ते जादा पाणी आतल्या आत फिरवतात आणि सलग चालत राहतात. असा पंप असेल तर दाबटाकी लावण्याआधी उत्पादकाची पुस्तिका वाचा, कारण दोघांचं जमेलच असं नाही.

आवाजाबद्दल आणखी एक. पंपाच्या दोन्ही तोंडांना लगेच कडक सीपीव्हीसी जोडू नका. दोन्हीकडे ३०-४५ सेंमी लवचीक नळी ठेवा. पंपाचे रबरी पाय स्क्रूने चपटे होईपर्यंत आवळू नका, ते थोडे हलले पाहिजेत. पंप पातळ प्लायवर ठोकला असेल तर खाली जाड फळी घाला. गाडीतला अर्धा आवाज पंपाचा नसतो, प्लायचा असतो.

प्रश्न, कोल्हापूर : शेतात बॅटरीवरचा फवारणी पंप आहे. त्याची मोटर १२ व्होल्टचीच. तीच कॅम्परला चालेल का?

उत्तर : वापरलेली असेल तर अजिबात नाही. कीटकनाशक डायफ्रामच्या रबरात आणि सीलमध्ये मुरतं, ते कितीही धुतलं तरी पाण्यात उतरत राहतं. हात धुण्यापुरतीसुद्धा नको, कारण त्याच नळाखाली कधीतरी कोणीतरी भाजी धुणारच.

कोरा पंप घेणार असाल तर रचना तीच असते, चालेल, पण तीन गोष्टी बघा. फवारणीला बारीक तुषार हवे असल्याने हे पंप बऱ्याचदा ८०-१०० पीएसआयला बंद होतात. ४० पीएसआय हाच २८ मीटर उंच टाकीचा दाब आहे, म्हणजे नवव्या मजल्याच्या गच्चीवरून येणारं पाणी. त्याच्या दुप्पट दाबावर स्वस्त नळ आणि कनेक्शन पाइप ठिबकायला लागतात. स्विचच्या टोपणाखालचा स्क्रू फिरवून हा दाब खाली आणता येतो, पण तो मीटर लावूनच करा : पुढच्या नळीवर टी, त्यावर ० ते ७ बारचा (सुमारे १०० पीएसआयपर्यंतचा) गेज, नळ बंद, आणि पाव-पाव फेऱ्याने स्क्रू फिरवत जा. दुसरं, तोंडं बारीक असतात. तिसरं, पिण्याच्या पाण्यासाठी योग्य असल्याचा उल्लेख पुस्तिकेत नसेल तर पिण्याचं पाणी वेगळ्या जारमध्ये ठेवा. हा शेवटचा नियम कुठल्याही पंपाला लावला तरी हरकत नाही.

प्रश्न, नागपूर : सगळे नळ बंद असताना रात्री दर वीस मिनिटांनी पंप 'गुर्र' करून थांबतो. कुठे ओल दिसत नाही.

उत्तर : दाब कुठेतरी उतरतोय. एक तर पाणी पुढे बाहेर गळतंय किंवा पंपातल्या परतीच्या (पाणी मागे जाऊ न देणाऱ्या) व्हॉल्व्हमधून मागे टाकीत जातंय. हे दोन वेगळे करायला पंपाच्या पुढे एक बॉल व्हॉल्व्ह हवा. पंप थांबला की तो बंद करा. आता पंप गप्प राहिला तर गळती व्हॉल्व्हच्या पुढे आहे. तरीही मधूनच चालू झाला तर पाणी पंपातून मागे जातंय, कारण पुढे जायला वाट नाही.

पुढे असेल तर प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू गुंडाळा आणि तासाभराने बघा. थेंब डोळ्याला दिसत नाही, टिश्यूवर डाग दिसतो. शॉवरचा मिक्सर आणि गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह विसरू नका, ते गळतात ते सरळ ड्रेनमध्ये, म्हणून ओल सापडत नाही. दोष पंपात असेल तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या रबराखाली वाळूचा कण अडकलेला असतो. सगळे नळ पूर्ण उघडून पंप मिनिटभर चालवा, कण निघून जाऊ शकतो. नाही गेला तर डोकं उघडून धुवा. आणि पंपाआधी चाळणी नसेल तर हा त्रास पुन्हा होणारच. पारदर्शक वाटीची, ४०-५० मेशची (इंचाला तेवढी भोकं असलेली) चाळणी लावा, ओंजळीत मावते.

दोष सापडेपर्यंत झोपताना आणि गाडी चालवताना पंपाचा मुख्य स्विच बंद ठेवा. खरं तर नंतरही ठेवा. रस्त्यात एक जोड निसटला तर चालू पंप अख्खी टाकी गादीखाली ओतून मोकळा होतो.

प्रश्न, मडगाव : दुपारी धार चांगली, रात्री मंद. पंप बॅटरीपासून ६ मीटर लांब आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतो बॅटरी बदला.

उत्तर : आधी तार बघा. दुपारी सोलर चालू असताना बॅटरीवर साडेतेरा-चौदा व्होल्ट असतात, रात्री बारा-साडेबारा. हा फरक नैसर्गिक आहे. पण त्यावर तारेतली घट आली की पंपाला फारच कमी उरतं.

हिशोब सोपा आहे. ६ मीटर जाऊन ६ मीटर परत, म्हणजे १२ मीटर तांबं. पंप ७ अँपिअर घेत असेल आणि तार १ चौरस मिमीची असेल तर दीड व्होल्ट तारेतच जातात. अडीच चौरस मिमीला ०.६ व्होल्ट, ४ चौरस मिमीला ०.४. घरातल्या दिव्यांसाठी मिळणारी १ ची तार २३० व्होल्टला चालते, इथे नाही. तुम्ही ४ ची टाका.

खात्री करायची तर मल्टिमीटर पंपाच्या टोकांवर लावा आणि नळ उघडून, पंप चालत असताना वाचा. बंद असताना मीटर बॅटरीइतकेच व्होल्ट दाखवतो आणि फसवतो. मग बॅटरीच्या टोकांवर वाचा. दोन्हींमधला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. तार जाड असूनही फरक मोठा असेल तर चोर जोडात आहे : पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड, रंगावरच आवळलेला बॉडी-अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली परतीची तार) किंवा स्वस्त रॉकर स्विच. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत बॉडी-अर्थ वर्षभरात हिरवा-पांढरा पडतो. तिकडे परतीची तारसुद्धा थेट बॅटरीपर्यंत न्या आणि लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून, त्यावर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. फ्यूज पंपाच्या लेबलवर लिहिलेलाच घाला आणि तो बॅटरीपाशी बसवा, पंपापाशी नाही.

प्रश्न, चिपळूण : एकाऐवजी दोन पंप शेजारी-शेजारी जोडले तर शॉवर आणि सिंक एकत्र चालतील का?

उत्तर : नळी बारीक असेल तर नाही. नळी अर्ध्या इंची असेल तर एका पंपातही चालतात. दुसरा पंप सुटा, डब्यात ठेवा, प्रवासात तो जास्त उपयोगी.

प्रश्न, नाशिक : टाकी भरताना पाणी तोंडातून मागे उसळतं, आणि पंप चालू असताना टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात.

उत्तर : दोन्हींचं कारण एकच : टाकीला हवेची वाट नाही किंवा ती बुजली आहे. टाकीच्या सगळ्यात वरच्या भागातून १२ मिमीची नळी काढा, गाडीच्या बाहेर न्या, तोंड खाली वळवा आणि त्याला बारीक जाळी लावा. जाळी नसेल तर कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते आणि मग हीच तक्रार परत येते. हवेच्या नळीत मधे झोळ ठेवू नका; झोळात पाणी साचलं की वाट बंद.

प्रश्न, सातारा : गॅस गिझर लावला. पंपाबरोबर तो पेटतो-विझतो-पेटतो. पाणी कधी गार, कधी चटका देणारं.

उत्तर : आधी सगळ्यात महत्त्वाचं. गिझर गाडीच्या आत बसवला असेल तर आजच काढा. साधा घरगुती गॅस गिझर खोलीतली हवा घेतो आणि जळलेला वायू खोलीतच सोडतो. कॅम्परएवढ्या बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत जीवघेण्या पातळीला जातो आणि त्याला वास नसतो. खिडकी उघडी ठेवणं हा उपाय नाही. असा गिझर फक्त गाडीच्या बाहेर, मोकळ्या हवेत, मागच्या दाराला टांगून वापरायचा, आणि सिलिंडरही बाहेरच. आत गॅसची शेगडी असेल तरीही कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा.

आता पेटण्या-विझण्याचं. गिझरमधला पाण्याचा डायफ्राम ठरावीक दाब आणि प्रवाह मिळाला तरच गॅस उघडतो. पंपाच्या धक्क्यांबरोबर तो उघडझाप करतो. वर ठाण्याच्या पत्राला सांगितलेली दाबटाकी इथे जवळजवळ अनिवार्य आहे. चटका बसतो त्याचं कारण प्रवाह. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गिझर ४ लिटरच आले तर तेच पाणी ३७ अंशांनी तापवतो. महाबळेश्वरच्या १५ अंशांच्या पाण्याला ते ५२ होतं, पण चिपळूणच्या २७ अंशांच्या पाण्याला ६४, आणि त्याने भाजतं. गॅसची कळ कमीत कमी ठेवून सुरुवात करा आणि अंगावर घेण्याआधी हातावर बघा.

आत गरम पाणी हवंच असेल तर ६ लिटरचा विजेचा साठवण गिझर सुरक्षित. २५ वरून ६५ अंशांना तापवलेलं ६ लिटर पाणी गार पाणी मिसळून ४० अंशांचं १६ लिटर होतं, एका माणसाची आंघोळ नीट होते. त्याला सुमारे पाव युनिट वीज लागते. मात्र २ किलोवॉटची कॉइल इन्व्हर्टरवर चालवू नका, १२ व्होल्टला ती १८० अँपिअरच्या वर खेचते आणि १०० अँपिअर-तासाची बॅटरी तेवढं देण्यासाठी बनलेली नसते. ५०० वॉटची कॉइल बसवून घ्या, अर्ध्या तासात तेवढंच पाणी तापतं.

तापताना हे ६ लिटर पाणी जवळपास १०० मिली फुगतं. पंपातला परतीचा व्हॉल्व्ह त्याला मागे जाऊ देत नाही, म्हणून दाब चढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो. लिटरभराची दाबटाकी तेवढी फुगवट सहज पोटात घेते. सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याला कधीही बूच मारू नका.

प्रश्न, छत्रपती संभाजीनगर : ऑक्टोबरमध्ये मनालीमार्गे लेहला जाणार आहोत. पंपाचं काय करावं?

उत्तर : रात्री पारा शून्याखाली जाणार हे धरूनच चला. सगळ्यात आधी फुटते ती चाळणीची पारदर्शक वाटी, मग सीपीव्हीसीचे एल्बो, मग पंपाचं डोकं. गाडीत हीटर नसेल तर रोज रात्री पाणी उतरवा : टाकीचा झडप बंद, सगळे नळ उघडे, शॉवरचा हँडसेट जमिनीवर, सगळ्यात खालचा ड्रेन उघडा, मग चाळणीची वाटी सोडून रिकामी करा आणि पंप दहा-वीस सेकंद कोरडा चालवा. डायफ्राम पंपाला इतका वेळ कोरडं चालल्याने काही होत नाही. नळ सकाळपर्यंत उघडेच ठेवा. पंपाचा स्विच मात्र बंद. ही सोय बांधतानाच करायची असते : नळ्यांना एका दिशेला उतार आणि तळाशी ड्रेन.

उंचीचाही परिणाम होतो. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. पंप पाणी खेचतो ते हवेच्या दाबाच्या जिवावर, म्हणून जो पंप घरी टाकीच्या वर बसूनही पाणी उचलत होता तो तिथे हवा घेऊ शकतो. पंप टाकीच्या तळाच्या पातळीला बसवा, प्रश्नच उरत नाही. दाबटाकीत घरी भरलेली २३ पीएसआय हवा लेहला गेजवर २७ च्या आसपास दिसते, थंडीने त्यातली बरीचशी पुन्हा उतरते. पोचल्यावर सकाळी एकदा मोजा आणि जास्त असेल तर सोडा.

प्रश्न, मिशिगन, अमेरिका : आमच्या ट्रेलरला कॅम्पग्राउंडच्या नळाचा होज जोडला की थोड्या तासांत पिण्याच्या पाण्याची टाकी आपोआप भरून वाहू लागते. पंप तर बंद असतो.

उत्तर : होजचं पाणी पंपाच्या पुढच्या नळीत येतं. पंपातला परतीचा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर ते उलटं पंपातून टाकीत जातं. नागपूरच्या पत्रातला दोष हाच, फक्त इथे बाहेरचा दाब जास्त असल्याने टाकी भरते. याकडे दुर्लक्ष नको, हवेची नळी बारीक असेल तर टाकी फुगून तिचे पट्टे सुटतात. पंपाच्या पुढे बॉल व्हॉल्व्ह किंवा वेगळा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका आणि होजच्या नळाकडच्या टोकाला ४०-५० पीएसआयचा रेग्युलेटर लावा. तोही भरपूर भोकाचा घ्या, पितळी नळकांडीसारखे स्वस्त रेग्युलेटर प्रवाहच मारतात.

हिवाळ्यासाठी : गिझर बायपास करून नळ्यांत फक्त गुलाबी, न गोठणारं प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं द्रव भरा. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट विषारी असतं, ते पिण्याच्या नळीत कधीच नाही.

प्रश्न, सोलापूर : बोअरचं पाणी भरतो. शॉवरची भोकं बुजतात, टाकीला वास येतो.

उत्तर : क्षारांवर लिंबूसत्त्व : लिटरभर कोमट पाण्यात तीन-चार चमचे, शॉवरचं तोंड, नळाची जाळी आणि चाळणी रात्रभर बुडवून ठेवा. सुईने भोकं टोकरू नका, ती मोठी होतात आणि शॉवर जास्त पाणी पितो.

वासासाठी ५ टक्क्यांचं साधं, सुगंध नसलेलं सोडियम हायपोक्लोराइट, दर लिटर पाण्याला १ मिली. १०० लिटरच्या टाकीला १०० मिली. आधी बादलीत मिसळून मग ओता, टाकी भरा, गरम पाण्याच्या नळासकट प्रत्येक नळ वास येईपर्यंत उघडा, चार तास तसंच ठेवा. मग सगळं सोडून द्या आणि वास जाईपर्यंत ताज्या पाण्याने दोन-तीनदा भरा-सोडा. लिंबूसत्त्व आणि हायपोक्लोराइट एकाच वेळी वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. आधी एक, भरपूर पाण्याने धुऊन मग दुसरं. दाबटाकी असेल तर तिच्यातलं पाणी दरवेळी पूर्ण उतरवा, नाहीतर जुनं पाणी तिथेच बसून राहतं आणि आठवडाभरात वास परत येतो.